नाताळच्या सुट्टीत घरी काय बघता, काय ऐकता? (आठ ते अठ्ठ्याहत्तर, सगळ्यांना चालेल असं सुचवा)

पागोळी
नमस्कार मंडळी,
थँक्सगिव्हिंगचं उरलंसुरलं संपलं की आमच्याकडे तळघरातून झाड वर येतं आणि सिनेमे चालू होतात. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. क्रम ठरलेला आहे. झाड सजवताना बोनी एम, पहिल्या शनिवारी 'होम अलोन', मग 'एल्फ', मग 'पोलर एक्सप्रेस', आणि चोवीस तारखेला ज्याचा आवाज मोठा त्याचा सिनेमा. सोबत पोह्यांचा चिवडा आणि हॉट चॉकलेट. हो, एकाच वेळी. नाकं मुरडू नका, करून बघा.

यंदा सासू-सासरे सांगलीहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. सासरे एका पतसंस्थेत मॅनेजर होते. हिशेबाचे पक्के. टीव्हीवर बातम्या सोडून काही बघत नाहीत. सासूबाईंना गोष्टी आवडतात पण अमेरिकन उच्चार कळत नाहीत, आणि सबटायटल वाचायचा चष्मा वेगळा, विणायचा वेगळा. दोन्हींतलं एकच जमतं, आणि विणकाम जिंकतं. मुलगा चौदाचा, त्याला आता 'होम अलोन' पोरकट वाटतो. मुलगी आठची, तिला क्रमातलं काही वगळलेलं खपत नाही.

मला ही सगळी एका सोफ्यावर हवी आहेत, एक संध्याकाळ तरी. काय लावू? गाणीही सुचवा.

लिमलेट
'होम अलोन'मधलं घर विनेट्काला आहे, तुमच्यापासून तासाभरावर. आजोबांना आधी तिथे नेऊन आणा. (बाहेरूनच, आत माणसं राहतात.) मग घराची किंमत सांगा. सिनेमा आपोआप बघतील.

अवांतर: त्यातला घरी एकटा राहिलेला मुलगा, केव्हिन, पिझ्झावाल्याला घाबरवायला जो जुना ब्लॅक अँड व्हाइट गुंडपट लावतो, तो खरा सिनेमा नाहीच. तेवढा तुकडा ह्यासाठीच शूट केलाय. मी कित्येक वर्षं तो शोधत होतो.

चष्मिष्ट
डाय हार्ड. विषय संपला.

मेतकूट
आला! दर डिसेंबरात हा माणूस येतो. अहो, तो जुलैमध्ये प्रदर्शित झालेला सिनेमा. १९८८चा जुलै. ऑफिसच्या पार्टीत झाड दिसलं म्हणून तो ख्रिसमसचा होत नाही.

चष्मिष्ट
@मेतकूट, मग 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'ही बाद करा. तो १९४७च्या उन्हाळ्यात लागला होता, कारण स्टुडिओच्या साहेबाचं मत की उन्हाळ्यात लोक जास्त सिनेमे बघतात. त्यातल्या सांताला, म्हणजे एडमंड ग्वेनला, सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. आता बोला.

मेतकूट
त्यात सांता आहे. तुमच्यात बनियन घातलेला पोलीस आहे.

पागोळी
डाय हार्ड नको हो. सासूबाई आहेत.

चष्मिष्ट
सासूबाईंना विचारलंत का?

खडूस_काका
सगळं वाचलं. दिवाळीत ह्यातल्या किती जणांनी मुलांना किल्ला करायला बसवलं? चकलीच्या सोऱ्यात पीठ भरायला हात लावू दिला? आपले सण विकतच्या फराळावर उरकायचे आणि दुसऱ्यांच्या सणाला महिनाभर सिनेमे. चालू द्या.

शेवगा
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

लिमलेट
@खडूस_काका, आमच्याकडे किल्ला असतो. बेसमेंटमध्ये. मावळे लेगोचे आहेत, पण महाराज पुण्याहून आणलेत. आणि सुट्टी कधी मिळते हा मुद्दा आहे. दिवाळीत मंगळवारी ऑफिस असतं, शाळा असते. चोवीस डिसेंबरला कुणीच कुठे जात नाही, सगळं बंद. घरात अडकलेली माणसं काहीतरी बघणारच.

वसईवाला
काका, 'दुसऱ्यांचा सण' वाचून जरा थांबलो. मी वसईचा. घरी सामवेदी बोलतो, शाळा मराठी, आणि नाताळ आमच्या घरात कित्येक पिढ्या आहे. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओव्यांत, बेथलेहेमच्या जन्मासकट. तेव्हा हा सणही मराठीच धरा.

पण पागोळीताईंच्या प्रश्नावर आमचं घर फारसं उपयोगी नाही, कारण आमच्याकडे सिनेमा हा प्रकार नव्हताच. आमच्याकडे असायचा गोठा. डिसेंबर लागला की आई ताटलीत माती पसरून नाचणी पेरायची. नाताळपर्यंत दाट हिरवं उगवायचं, तेच गोठ्याचं कुरण. आरशाचा तुकडा ठेवला की तळं. मेंढ्या प्लास्टरच्या, त्यातल्या एकीला कान नाही, तिला कायम मागच्या रांगेत. आणि बाळ येशू चोवीसच्या रात्रीपर्यंत ठेवायचा नाही. तो कपाटात कपड्यांखाली असायचा आणि आम्ही भावंडं रोज चोरून बघून यायचो, आहे ना म्हणून.

गाणी म्हणजे गावातली पोरं गिटार आणि कीबोर्ड घेऊन घरोघर यायची ती. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. कीबोर्डला वायर कमी पडायची, मग गायन पडवीत आणि वादन खिडकीच्या आत.

खडूस_काका
@वसईवाला, तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. माझा रोख सोफ्यावरच्या मंडळींवर आहे. नाचणीचं छान. आम्ही घटाला पेरतो.

बाबू_म्हापसा
नाचणी आमच्याकडेही! आणि वर नक्षत्र, म्हणजे कागदाचा स्टार, बांबूच्या काड्यांचा. हल्ली विकतचे मिळतात पण वाड्यावर स्पर्धा असली की घरीच बनवायचा.

संगीत विचाराल तर जिम रीव्हज. दुसरा कोण. अमेरिकेत त्याला आता कोण ऐकतं मला माहीत नाही, पण म्हापशापासून वांद्र्यापर्यंत डिसेंबर त्याच्यावर चालतो. 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' १९६३ची, आणि पुढच्याच वर्षी तो विमान अपघातात गेला. ती तबकडी लावून घरातल्या बायका, पोरं, शेजारीण, सगळी जमिनीवर बसून कुलकुल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) वळतात. पिठाची गोळी नव्या कंगव्याच्या दातांवर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी वळी येते. (नवा कंगवा! दर वर्षी कुणीतरी विचारतंच.) जिम रीव्हजची चाल अशी संथ की हात आपोआप त्याच लयीत चालतो. बोनी एम लावलं की कुलकुल बिघडतात, माझ्या मावशीचा सिद्धांत.

लिमलेट
हसून हसून पुरेवाट. बोनी एमचं 'मेरीज बॉय चाइल्ड' मुळात त्यांचं नाही, ते १९५६ साली हॅरी बेलाफाँटेनं गायलंय, अगदी शांत. तुमच्या मावशीला ते चालेल.

सूरपेटी
काकांच्या मुद्द्याला वेगळ्या बाजूने. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं लिहिणारा आयर्विंग बर्लिन ज्यू होता, लहानपणी रशियातून अमेरिकेत आलेला. त्याच्या घरचा हा सण नव्हे. बिंग क्रॉसबीनं १९४२ साली गायलं, युद्धाचे दिवस, घरापासून लांब असलेल्या सैनिकांनी ते डोक्यावर घेतलं. मूळ ध्वनिमुद्रिकेचा साचा प्रती काढून काढून इतका झिजला की १९४७ला त्याला पुन्हा जाऊन गावं लागलं. आपण आज जे ऐकतो ते बहुतेक वेळा हे दुसरं.

'लेट इट स्नो' लिहिणारे दोघेही ज्यू, आणि ते लिहिलं जुलैत, हॉलिवूडच्या उकाड्यात. 'चेस्टनट्स रोस्टिंग'वालं गाणंही १९४५च्या भर उन्हाळ्यातलं. घामाघूम झालेल्या माणसांनी बर्फाची गाणी लिहिली. आणि 'जिंगल बेल्स'मध्ये ख्रिसमस हा शब्दच नाही, ते १८५७चं घसरगाडीच्या शर्यतीचं गाणं आहे. तरी आपल्याकडे १९७५ला बप्पीदांनी 'जख्मी'त त्या चालीवर लताबाई आणि सुषमा श्रेष्ठ यांना गायला लावलं. सासूबाईंना 'आओ तुम्हें चाँद पे ले जाएँ' लावून बघा. ओळखतील.

शेवगा
@सूरपेटी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

आठवडी_बाजार
एक विनंती. मी मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करते (टोरांटो). नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत शिफ्टभर तीच यादी फिरत असते. मारायाबाईंचं (मारायाह कॅरी) ते १९९४चं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' सुरू झालं की मी घड्या घालायचा वेग वाढवते. ह्या धाग्यावर त्याची शिफारस करणाऱ्याला मी ओळखत नाही.

चष्मिष्ट
ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर यायला २०१९ उजाडलं म्हणे. पंचवीस वर्षं. चिकाटी बघा.

आठवडी_बाजार
पंचवीस वर्षं मी घड्या घालतेय असंच वाटतं.

टेम्सकाठी
पागोळी, मुलगा चौदाचा ना? त्याला 'व्हॅमागेडन' खेळायला लावा. एक डिसेंबरपासून चोवीसपर्यंत 'व्हॅम'चं 'लास्ट ख्रिसमस' कानावर पडू द्यायचं नाही. पडलं की बाद. दुसऱ्यांनी गायलेलं चालतं, मूळ नाही. माझी मुलं सुपरमार्केटमध्ये कानात बोटं घालून फिरतात. ते गाणं १९८४चं, आणि इथे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं थेट जानेवारी २०२१ला.

माझी स्वतःची परंपरा वेगळी. चोवीसला दुपारी तीनला रेडिओवर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं कॅरोल. १९१८ला सुरू झालं, १९२८पासून प्रसारण. सुरुवात एका मुलाच्या एकट्या आवाजात, साथीला काही नाही. तो मुलगा कोण हे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत त्यालाही सांगत नाहीत, धास्ती नको म्हणून. मी त्या वेळी उद्याच्या बटाट्यांची सालं काढत असते. पुण्यात रात्रीचे साडेआठ, आई तिथून लावते. ती शास्त्रीय शिकलेली, त्यामुळे पहिल्या ओळीला फोनवर फक्त 'सूर लागला' किंवा 'जरा घाबरलाय' एवढंच ऐकू येतं.

एल्बेकाठी
ड्रेस्डेनहून. इथे सिनेमा एकच, 'थ्री हेझलनट्स फॉर सिंड्रेला', १९७३. चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी ह्यांनी मिळून केलेला. सिंड्रेला घोडा पिटाळते, धनुष्यानं नेम मारते, राजपुत्राची खिल्ली उडवते. राजवाडा म्हणजे आमच्या जवळचा मोरित्सबुर्ग, हिवाळ्यात तिथे सिनेमाचं प्रदर्शन असतं आणि पायऱ्यांवर बूट हरवल्याचा अभिनय करत फोटो काढणाऱ्यांची रांग. चेकमध्ये, जर्मनीत, नॉर्वेत दर नाताळाला लागतो. नॉर्वेत तर एकच पुरुष सगळ्यांचे संवाद वाचतो, सिंड्रेलाचेही. त्यांना तसाच हवा असतो!

मुलगी आठची असेल तर हाच.

शेवगा
स्वीडनमध्ये चोवीसला दुपारी तीनला टीव्हीवर डोनाल्ड डक. साठच्या दशकापासून. मैत्रीण तिथे आहे, म्हणते त्या वेळी कुणाला फोन करू नये.

मेतकूट
आणि पोलंडमध्ये केव्हिन. आपल्याकडे सेट मॅक्सवर 'सूर्यवंशम' ना, तसं.

एडिसनची_माई
तुम्ही सिनेमांवर भांडताय. न्यू यॉर्कच्या एका चॅनेलनं १९६६ला चोवीस तारखेला तीन तास काय दाखवलं? शेकोटी. नुसती जळणारी लाकडं आणि मागे गाणी. जाहिराती नाहीत. ज्यांच्या फ्लॅटमध्ये शेकोटी नाही त्यांच्यासाठी. मेयरच्या बंगल्यातली शेकोटी शूट केली, ज्वाळा नीट दिसाव्यात म्हणून पुढची जाळी काढली, ठिणगी उडून गालिचा जळला. आता तसले व्हिडिओ ढिगानं मिळतात. आमचे हे ते लावतात आणि तासभर बघतात. मधेच उठून 'थंडी कमी झाली' म्हणतात.

चिंचगूळ
धागा पुन्हा वाचला आणि एक गोष्ट कुणीच पकडली नाही. पागोळी, सासरे पतसंस्थेचे मॅनेजर होते असं तुम्हीच लिहिलंय. मग शोधताय काय? 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लावा.

फ्रँक काप्रा, १९४६, जेम्स स्टुअर्ट. लोक त्याला देवदूताचा सिनेमा म्हणतात. माझ्या मते तो पतपेढीचा सिनेमा आहे. नायकाचे वडील छोट्या गावात लोकांना घरासाठी कर्ज देणारी संस्था चालवतात, ते गेल्यावर ती ह्याच्या गळ्यात पडते. समोर गावचा सावकार पॉटर, त्याला ती बंद पाडायची आहे. नायकाचं लग्न होऊन तो मधुचंद्राला निघालाय आणि पेढीसमोर ठेवीदारांची झुंबड. तो मधुचंद्राचे दोन हजार डॉलर टेबलावर ठेवतो आणि लोकांना समजावतो की बाबांनो, तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात आहेत. एक जण हट्टानं पूर्ण २४२ डॉलर घेऊन जातो. मग एक बाई हळूच विचारतात, साडेसतरा मिळतील का? बंद करायच्या वेळी दोन डॉलर उरतात. ज्यानं पतसंस्थेच्या काउंटरमागे आयुष्य काढलंय त्याला ह्याची सबटायटल लागणार नाहीत.

बर्फही बघण्यासारखा. तोवर सिनेमात बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकायचे, पायाखाली असे वाजायचे की संवाद नंतर भरावे लागायचे. काप्राला जागेवरचा आवाज हवा होता, म्हणून आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून नवा बर्फ केला. आणि शूटिंग भर उन्हाळ्यात. (सूरपेटी, तुमच्या यादीत हेही घाला.)

तेव्हा तो पडला होता. १९७४ला कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना जवळजवळ फुकट सापडला, डिसेंबरात दिवसरात्र लावत सुटले. परंपरा अशी तयार झाली. कारकुनी विसरभोळेपणातून.

मेतकूट
@चिंचगूळ, मान्य, पण व्यवहार बघा. दोन तास दहा मिनिटं, काळापांढरा, आणि नायक पुलावरून उडी टाकायला निघतो. आठ वर्षांच्या मुलीला हे दाखवायचं? पोरगा तर पंधराव्या मिनिटाला वर. त्यापेक्षा 'मपेट ख्रिसमस कॅरोल', १९९२. सगळे बाहुले आणि मध्ये मायकेल केन, तो बाहुल्यांसमोर पूर्ण गांभीर्यानं काम करतो. म्हणून मजा.

चिंचगूळ
पुलाचा प्रसंग शेवटाकडे आहे. तोवर मुलीची झोपायची वेळ होते. आणि मपेट तिला दुपारी लावून द्या, कोण नको म्हणतंय.

टेम्सकाठी
मी मेतकूटच्या बाजूने. माझी मुलगी 'वंडरफुल लाइफ'मध्ये औषधाच्या दुकानातल्या प्रसंगाला रडली होती, म्हातारा दुकानदार लहान मुलाच्या कानावर मारतो तिथे. आठ वर्षांच्या मुलीला हात धरून बसणार असाल तरच.

नगरकर_पूर्वीचा
गाण्यांवर एक राहिलं. माझं बालपण नगरला मिशन कंपाउंडच्या भिंतीला लागून. नाताळाच्या दिवसांत पलीकडून पेटी, तबला आणि टाळ ऐकू यायचे. आजी म्हणायची भजन चाललंय, आणि भजनच होतं ते, रेव्हरंड टिळकांचं. नारायण वामन टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले आणि इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची पदं रचली. 'उपासना संगीत' ह्या पुस्तकात त्यांची कितीतरी आहेत. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याची ही पदं ऐकलेली फार थोडी माणसं भेटतात.

वसईवाला
@नगरकर, अगदी. आमच्याकडेही म्हणतात. टाळ हवेतच.

खडूस_काका
टाळ आणि पेटी असेल तर मी सोफ्यावर बसायला तयार आहे.

पागोळी
मंडळी, वृत्तांत.

शनिवारी दुपारी मुलीला मपेट. संध्याकाळी पिठलं-भात करून 'वंडरफुल लाइफ' लावला. सासऱ्यांना फक्त 'पतसंस्थेवरचा सिनेमा आहे' एवढंच सांगितलं. 'बघू' म्हणाले आणि वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बसले.

ठेवीदार येतात तिथे वर्तमानपत्र खाली गेलं. साडेसतरा डॉलरवाल्या बाईंना बघून म्हणाले, 'अशी एक तरी असते. तिच्यासाठी उघडं ठेवायचं.' नंतर नायकाचे बिलीकाका आठ हजारांची रोकड घेऊन भरणा करायला निघतात तर हे सोफ्यावरून जवळजवळ उठलेच. 'एकट्याला पाठवलाच कसा? आणि हा विसरभोळा! सोबत शिपाई नाही?' पाकीट पॉटरच्या वर्तमानपत्रात जातं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यात त्याच दिवशी तपासनीस येऊन बसलेला. 'तो असाच येतो,' हे अगदी खालच्या आवाजात. शेवटी लोक टोपलीत पैसे आणून टाकतात, आम्ही सगळे डोळे पुसतोय, आणि सासरे म्हणतात, 'पावत्या? एकालाही पावती दिली नाही. आणि पॉटरवर केस का नाही?' हा दुसरा प्रश्न बिनतोड आहे. पॉटरला सिनेमात काहीच होत नाही.

सासूबाई विणत होत्या. मला वाटलं लक्ष नाही. संपल्यावर म्हणाल्या, 'गावभर फिरून पैसे त्याच्या बायकोनं जमवले, आणि गाणी म्हणताहेत ह्याच्याभोवती.' नवऱ्यानं रिमोट शोधायचं नाटक केलं.

मुलगा पिझ्झा नाही म्हणून फुगून आला होता. नाचता नाचता जमीन सरकते आणि सगळे पोहण्याच्या तलावात पडतात तिथे थांबला. फोनवर शोधून काढलं की ती बेव्हर्ली हिल्सच्या शाळेची खरी व्यायामशाळा आहे. मग उठलाच नाही. मुलगी चिंचगूळ म्हणाले तशी पुलाच्या आधी झोपली. टेम्सकाठी, कानावर मारतो तिथे मी तिला चिवडा आणायला पाठवलं होतं.

टेम्सकाठी
उत्तम. चिवड्याचा योग्य वापर.

चष्मिष्ट
आता डाय हार्ड. सासूबाईंना आवडेल, त्यातली बायको नवऱ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे.

पागोळी
@चष्मिष्ट, हा मुद्दा मी त्यांच्यापुढे ठेवते.
बाबू, कुलकुलात नारळाचं दूध किती? मुलीनं नवा कंगवा काढून ठेवलाय.
आणि एक. सासरे रोज विचारताहेत, 'बँकेवरचं अजून काही आहे का?' सुचवा.

बाबू_म्हापसा
दूध मोजून घालत नाहीत, पीठ चपातीपेक्षा थोडं घट्ट होईल इतकंच. तळताना आच मंद ठेवा. जिम रीव्हज विसरू नका.

चिंचगूळ
'मेरी पॉपिन्स', १९६४. त्यात दोन पेनीवरून एक पोरगं बँकेत आरडाओरडा करतं आणि सगळे खातेदार पैसे काढायला धावतात. नाताळाचा काडीचाही संबंध नाही, पण गाणी भरपूर, मुलगी जागी राहील. सासऱ्यांना सांगून ठेवा, तिथेही भरणा-पावतीची बोंबच आहे.